हज-उमराहची तयारी : बॅगेआधी तब्येतीची

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांना घेऊन उमराहला जायचे ठरले होते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट सगळे हातात होते. निघायला फक्त सहा दिवस उरले असताना माझ्या लक्षात आले, की मेंदूज्वराची लस कोणीच घेतलेली नाही.

मी टूरवाल्यांना फोन केला. ते अगदी सहज म्हणाले, “टीचर, एवढ्यासाठी कशाला धावपळ करता? पासपोर्टच्या झेरॉक्स पाठवा, चौघांची कार्डे मी आणून देतो. तारीख मागची टाकतात. उमराहला कोण बघतंय?”

खोटे कशाला सांगू, मी ‘बरं’ म्हणाले आणि झेरॉक्स पाठवूनही दिल्या. मुलांना वर्षभर कॉपी करू नका म्हणून सांगणारी मी, पण त्या क्षणी मला तिकिटाचे पैसे दिसत होते.

रात्री जेवताना अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारले, “इंजेक्शन कधी घ्यायचं? माझ्या भावाला हजच्या कॅम्पमध्ये दिलं होतं.” मी सांगितले, की कार्ड असेच मिळणार आहे, इंजेक्शनची गरज नाही. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे कागदावर खोटं लिहून अल्लाहच्या घरी जायचं?”

अम्मींचे शिक्षण चौथीपर्यंत. पण या प्रश्नाला माझ्या बी.एड.कडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिकिटे पुढे ढकलली. त्यात बरेच पैसे गेले, ह्यांची कुरकुरही ऐकावी लागली. पण चौघांनी लस घेतली आणि बारा दिवसांनी निघालो.

तेव्हापासून आमच्या भागातून कोणी हज-उमराहला निघाले, की माझ्याकडे विचारायला येतात. बायका अत्तर, तसबीह, एहरामचे कपडे, खाण्याचे डबे यांची यादी घेऊन येतात. मी विचारते, तब्येतीची यादी कुठे आहे? हा लेख म्हणजे तीच यादी आहे.

मेंदूज्वराची लस कशासाठी?

मेंदूज्वराचे जंतू माणसाच्या घशात आणि नाकात राहतात. खोकला, शिंक, थुंकी, एकमेकांची उष्टी भांडी यांतून ते पसरतात. लाखो माणसे खांद्याला खांदा लावून तवाफ करतात, मिनाच्या तंबूत शेजारी शेजारी झोपतात. अशा गर्दीत या जंतूंना वाट मोकळीच असते. आजार झाला तर तो फार वेगाने वाढतो. उपचार मिळूनही दहा रुग्णांमागे एखादा दगावतो. वाचलेल्यांपैकी काहींना बहिरेपण येते, काहींचे हातपाय कापावे लागतात.

ही भीती उगाच नाही. 1987 च्या हजमध्ये या रोगाची मोठी साथ आली. त्यानंतर सौदी सरकारने हाजींसाठी लस सक्तीची केली. ती लस जंतूच्या ‘ए’ आणि ‘सी’ या दोन प्रकारांवर होती. मग 2000 आणि 2001 मध्ये डब्ल्यू-135 नावाच्या वेगळ्या प्रकाराने साथ आणली. या साथीत एक गोष्ट जगाच्या लक्षात आली. आजारी पडलेल्यांमध्ये हाजी तर होतेच, पण हजला न गेलेली त्यांच्या घरची माणसेही होती. हाजी स्वतः धडधाकट परतला, पण त्याच्या घशातून जंतू घरात आले. म्हणून त्यानंतर चार प्रकारांवर चालणारी लस आवश्यक ठरली. डॉक्टर तिला एसीवायडब्ल्यू म्हणतात.

कोणाला वाटेल, ही जुनी गोष्ट झाली. 2024 च्या एप्रिल-मेमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये सौदी अरेबियाच्या प्रवासाशी, बहुतांशी उमराहशी, जोडलेले 12 रुग्ण सापडले. त्यांतल्या 9 जणांनी लस घेतलेली नव्हती.

आता तारखांचे पाहू. लस टोचल्यावर शरीराला तयारी करायला वेळ लागतो. म्हणून सौदीत पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी ती घेतलेली असावी लागते. मागची तारीख टाकून कार्ड तयार होते, शरीर तयार होत नाही. या लसीचे दोन प्रकार मिळतात. साध्या, म्हणजे पॉलिसॅकराइड लसीचे कार्ड 3 वर्षे चालते आणि कॉन्ज्युगेट लसीचे 5 वर्षे. परवडत असेल तर कॉन्ज्युगेट घ्यावी. ती घशात जंतू बसण्याचे प्रमाणही कमी करते, म्हणजे घरी वाट पाहणाऱ्या नातवंडांनाही तिचा फायदा होतो. कोणती लस घेतली ते कार्डावर स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर ती 3 वर्षांचीच धरली जाते.

हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना ही लस प्रशिक्षण व लसीकरणाच्या कॅम्पमध्ये मिळते. खाजगी टूरने किंवा उमराहला जाणाऱ्यांनी मात्र ती स्वतः शोधून घ्यावी लागते. प्रत्येक तालुक्याच्या गावी ती मिळेलच असे नाही, म्हणून महिनाभर आधीच चौकशी सुरू करावी.

बाकीच्या लसी

हजच्या कॅम्पमध्ये पोलिओचे दोन थेंबही पाजतात. पुष्कळ वयस्कर मंडळी हसतात, “आता या वयात पोलिओ?” आपला देश 2014 साली पोलिओमुक्त जाहीर झाला हे खरे. पण हजला जगभरातून लोक येतात आणि काही देशांत हा विषाणू अजून फिरतो आहे. मोठा माणूस आजारी न पडताही तो घरी आणू शकतो. थेंब त्यासाठी आहेत.

तिसरी लस फ्लूची. हजहून परतलेला जवळजवळ प्रत्येकजण खोकत येतो, हे आपण पाहतोच. साठी ओलांडलेल्यांना, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना हाच फ्लू न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. ही लस निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. वय 65 च्या पुढे असेल तर न्यूमोनियाच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावे. लहान मुले बरोबर असतील तर त्यांची नेहमीची लसीकरणाची वही तपासा, विशेषतः गोवरची लस राहिली नाही ना ते पाहा.

आमच्या कोकणातल्या बऱ्याच घरांचे नातेवाईक आफ्रिकेत आहेत. कोणी केनिया, युगांडा, नायजेरियाला जाणार असेल तर पीतज्वराची लस लागते. ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. तिचे कार्ड टोचल्यापासून 10 दिवसांनी लागू होते आणि 2016 पासून ते जन्मभर चालते. हे कार्ड नसताना अशा देशातून भारतात परतलात, तर 6 दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते.

नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. म्हणून शेजारच्या हाजीसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी काय केले यावर जाऊ नका. त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचा.

“अल्लाहचा मेहमान आहे, काही होणार नाही”

हे वाक्य मी फार ऐकते. बोलणाऱ्याच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपल्याला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनीच दिली. साथ असलेल्या गावात जाऊ नये आणि तिथे असाल तर तिथून बाहेर पडू नये, हेही त्यांनीच सांगितले. हजरत उमर रजिअल्लाहु अन्हु शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेग आहे हे कळले, तेव्हा ते माघारी फिरले. तुम्ही तकदीरपासून पळता का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले, की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. काळजी घेणे हा तवक्कुलचाच भाग आहे.

आपल्या मुंबईचाच इतिहास पाहा. 1896 मध्ये शहरात प्लेग आला आणि पुढच्या वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजे थांबवावी लागली. त्याच काळात डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांच्या मनात सुईची धास्ती होती. तेव्हा तरुण आगा खान तिसरे यांनी लोकांसमोर ती टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्या काळाची आठवण आहे.

माझे नाना सत्तरच्या दशकात मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. त्यांच्या पेटीत एक पिवळी पुस्तिका होती. तिच्यावर देवी आणि कॉलऱ्याच्या लसीचे शिक्के होते. आज देवीचा रोग जगातून गेला, 1980 मध्ये तशी अधिकृत घोषणा झाली. नानांसारख्या लाखो माणसांनी दंडावर घेतलेल्या व्रणांमुळे तो गेला.

लस हलाल आहे का, हा प्रश्न विचारण्यात काही चूक नाही. इंडोनेशियातून दर वर्षी सर्वांत जास्त हाजी जातात. तिथल्या उलेमा परिषदेने 2010 मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या मेंदूज्वराच्या लसी तपासून काहींना हलाल ठरवले. शंका असेल तर लसीचे नाव घेऊन जाणकार आलिमांना विचारा. पण शंका मनात ठेवून खोटे कार्ड घेणे हा त्यावरचा मार्ग नाही.

अब्बांचे पाय

आमच्या उमराहची पुढची गोष्ट आता सांगते, कारण तिथे मी स्वतः चुकले.

लस घेतल्यामुळे मी निश्चिंत झाले होते. अब्बांना, माझ्या सासऱ्यांना, पंधरा वर्षांपासून मधुमेह. निघण्यापूर्वी त्यांची तपासणी करायला हवी होती. पण “डॉक्टरने जायला मना केलं तर?” या भीतीने ते टाळत राहिले आणि मीही फार आग्रह केला नाही. मक्केत तिसऱ्या दिवशी जुहरनंतर ते हरमच्या बाहेर आले, तर चपला सापडेनात. हॉटेल पाच मिनिटांवर होते. ते तसेच अनवाणी चालत आले. खोलीवर आल्यावर म्हणाले, “काही नाही, जरा गरम लागलं.” संध्याकाळी वजू करताना ह्यांनी पाहिले, तर दोन्ही तळव्यांना मोठे फोड आले होते. मधुमेहाने पायांची संवेदना इतकी कमी झाली होती, की भाजलेले त्यांना नीट कळलेच नाही. पुढचे सगळे दिवस व्हीलचेअरवर गेले आणि गावी परतल्यावर जखम भरायला दोन महिने लागले. अल्लाहचा शुक्र, की पाय वाचला.

त्या प्रसंगातून मी जे शिकले ते लिहिते. मधुमेह असलेल्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी साखर, रक्तदाब, किडनी आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी. चपला दरवाज्याबाहेर ठेवू नयेत, कापडी पिशवीत घालून सोबत ठेवाव्यात. पिशवीत एक जादा जोड असावा. पुरुषांना एहराममध्येही पायाचा वरचा भाग उघडा राहील अशी चप्पल चालते. रोज रात्री घरच्या कोणीतरी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत.

आणि डॉक्टरांपासून काही लपवू नये. अब्बांना जी भीती होती, ती प्रत्येक वृद्धाला असते. अर्जातले आजार लपवणारे, गोळ्यांची पाकिटे वेगळ्या डब्यात भरणारे मी पाहिले आहेत. डॉक्टर बहुतेक वेळा जाऊ नका म्हणत नाहीत, कसे जायचे ते सांगतात.

उन्हाची काळजी

2024 च्या हजमध्ये मक्केत तापमान 51.8 अंशांवर गेले होते. सौदी सरकारने त्या वर्षी 1301 मृत्यू जाहीर केले. त्यांतले 83 टक्के परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना तंबू नव्हते, बस नव्हत्या, उन्हात मैलोन्मैल चालावे लागले. स्वस्तात, हजच्या परवान्याशिवाय नेणाऱ्याच्या नादी लागू नये, याचे याहून मोठे कारण नाही.

उन्हात छत्री वापरा. डोक्याला न टेकणारी छत्री एहराममध्येही चालते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवा. ओआरएसची पाकिटे सोबत ठेवा. जे मोठे पाकीट एक लिटरचे असते ते एक लिटर पाण्यातच घाला, ग्लासभर पाण्यात नाही. चक्कर, उलटी, बरळणे, अंग तापून कोरडे पडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. तेव्हा त्या माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि ताबडतोब मदत मागा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

दुबळ्यांसाठी दीनने सवलती दिल्या आहेत. आजारी माणसाच्या वतीने दुसरा कोणी कंकर मारू शकतो, तवाफ आणि सई व्हीलचेअरवर होते. सवलत घेतल्याने इबादत उणी होत नाही, हे घरच्या वृद्धांना निघण्यापूर्वीच समजावून सांगा.

औषधांची पिशवी

रोजची औषधे पूर्ण मुक्कामाची आणि वर एक आठवड्याची घ्या. ती हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठी बॅग हरवू शकते. गोळ्या मूळ पाकिटात असू द्या. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह लिहून घ्या. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका, विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकते. मिनाच्या तंबूत ते थंडाव्याच्या पाऊचमध्ये ठेवा, पण बर्फाला टेकवू नका.

झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी कडक वेदनाशामके, कोडीनचे खोकल्याचे औषध यांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. शेजाऱ्याने दिलेले पार्सल म्हणून तर मुळीच नेऊ नका. आणि बायकांसाठी खास सूचना : मसाल्यात किंवा मिठाईत खसखस नेऊ नका. आपल्या स्वयंपाकघरातली ही साधी वस्तू तिथे अफूच्या झाडाचे बी म्हणून बंद आहे.

बहिणींना आणखी एक सांगायचे आहे. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीला विचारून घेऊ नका. रक्तदाब, अर्धशिशी किंवा रक्ताच्या गाठीचा त्रास असणाऱ्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. हा प्रश्न विचारायला लाजण्याचे कारण नाही.

पुरुषांनी डोके उतरवताना परवानाधारक न्हाव्याकडेच जावे आणि नवे पाते समोर उघडायला लावावे. एकच पाते अनेकांना वापरले तर हिपॅटायटिस बी आणि सी होऊ शकतो. ‘बी’वर लस आहे, पण तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात. सौदीत उंटाचे फार्म पाहायला जाऊ नका आणि उंटाचे कच्चे दूध पिऊ नका. 2012 मध्ये सापडलेला मर्स हा श्वसनाचा आजार उंटांकडून माणसाला होतो.

परतल्यावर

हाजी घरी आले, की सारे गाव भेटायला येते. गळाभेटी, झमझम, खजूर. ही आपली सुंदर रीत आहे. पण खोकला-ताप असेल तर चार दिवस मास्क लावा, झमझम प्रत्येकाला वेगळ्या पेल्यात द्या, तान्ह्या बाळांना तोंडाजवळ घेऊ नका. परतल्यापासून दोन आठवड्यांत तीव्र ताप, मान ताठरणे, अंगावर जांभळट डाग किंवा दम लागणे असे काही झाले, तर थांबू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच असू द्या : “मी सौदीहून आलो आहे.” त्या एका वाक्याने उपचाराची दिशा बदलू शकते.

आमच्या कपाटात ती चार कार्डे अजून आहेत. विमानतळावर ती कोणी पाहिली नाहीत. टूरवाल्यांचे म्हणणे तेवढे खरे निघाले. मात्र परतल्याच्या रात्री अम्मींनी सात महिन्यांच्या नातवाला उराशी धरले, तेव्हा माझ्या मनात कसली धाकधूक नव्हती. तिकिटाच्या पैशांचे तेव्हा ह्यांनीही काही काढले नाही.

अब्बांनी आता हजचा फॉर्म भरायचे ठरवले आहे. या वेळी पहिली तारीख डॉक्टरांची घेतली आहे. दुसऱ्यांदा जाताना चपलांची पिशवी मीच शिवून देणार आहे. अल्लाह सर्वांना आपल्या घराची जियारत नसीब करो आणि सुखरूप घरी आणो. आमीन.